निघण्यापूर्वीचे दोन घास

परगावी जाणारा माणूस उंबरठ्याशी आला, की आपल्याकडे त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, 'सगळे घेतलेस ना?' आणि दुसरा, 'काही खाल्लेस का?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रवासी खरे देतो. कारण तिकीट अथवा पासपोर्ट विसरला, तर त्याचेच अडते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तो बहुधा खोटे देतो. 'हो, हो, खाल्ले' असे म्हणताना त्याचा एक पाय चपलेत असतो आणि लक्ष रिक्षाकडे असते. विचारणारीलाही ते ठाऊक असते. म्हणूनच उत्तर मिळाल्यावरही ती आत जाते आणि काहीतरी पुडीत बांधून आणते.

श्रोतेहो, आज ह्या दुसऱ्या प्रश्नाविषयी मला थोडे बोलावयाचे आहे. गेल्या चैत्रात परदेशी मुलीकडे जाण्यासाठी मी घरून निघालो. दिल्लीहून रात्रीचे विमान होते. तत्पूर्वी झाशीच्या एका मराठी घरातील लग्नाला हजेरी लावावयाची होती. झाशीत आजही मराठी घरे आहेत, आणि त्यांच्या पंगतीत वरणभाताच्या शेजारी बुंदेलखंडी कढी मोठ्या सलोख्याने नांदते. लग्न आटोपल्यावर दोन दिवस हाताशी उरले. त्या दोन दिवसांत मी दोन ठिकाणी घाईघाईने खाल्ले. एकदा मोठ येथे, आणि एकदा दिल्लीच्या विमानतळावर. ह्या दोन खाण्यांमध्ये एक तिसरे ताट मला सारखे दिसत राहिले. ते दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. त्याची हकीकत ओघाने येईलच.

मोठ हे झाशी जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सुमारे पन्नास किलोमीटरवर ते लागते. त्याच दिशेची रेल्वेही तेथे थांबते. एका अंगाला पहूज, दुसऱ्या अंगाला बेतवा, आणि मधल्या सपाट मुलखात हे गाव वसलेले आहे. हिंदीत मोठ म्हणजे आपली मटकी; तेव्हा गावाचे नाव ऐकताच मराठी माणसाला उसळीची आठवण झाली, तर त्याचा दोष नाही. परंतु मराठी माणसाचा आणि ह्या गावाचा संबंध मटकीपुरता नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास राजेंद्रगिरी नावाच्या गोसाव्याने येथे ठाणे करून आसपासची गावे आपल्या ताब्यात आणली होती, आणि झाशीचा मराठा सुभेदार नारो शंकर ह्याने त्याला येथून हुसकावून लावले. हेच ते नारो शंकर, ज्यांच्या नावाचे देऊळ नाशिकला गोदावरीच्या काठी आहे. नाशिकच्या घाटावरून ज्याचे नाव आपण सहज घेतो, तो माणूस ह्या दूरच्या मुलखात घोडदौड करीत होता, हे आपल्या ध्यानात नसते.

मी मोठला गेलो तो मात्र इतिहास पाहावयास नव्हे. सकाळी भांडेर येथे गेलो होतो. परतताना झाशीची गाडी चुकली, आणि मोठला गेल्यास हमरस्त्यावर कोणती ना कोणती बस मिळेल, असे लोकांनी सांगितले. भांडेरहून मोठ वीस-बावीस किलोमीटर असेल. पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच तापले होते, आणि सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हते.

रस्त्याच्या कडेला एक लहानसे दुकान होते. कढईत पुऱ्या फुगत होत्या, आणि बाजूच्या पातेल्यात बटाट्याची पातळ भाजी रटरटत होती. मी बाकावर बसलो. दुकानदाराने पानाच्या द्रोणात भाजी व वर चार पुऱ्या ठेवल्या. दुसरी पुरी मोडली, तोच बस आली. वाहक दारात उभा राहून 'झाँसी, झाँसी' असा पुकारा करू लागला. मी पैसे बाकावर ठेवले, द्रोण तेथेच सोडला आणि धावलो. जागा मिळाली, खिडकीशी बसलो. बस हलणार, इतक्यात तो दुकानदार कढई सोडून धावत येताना दिसला. सुट्टे पैसे द्यावयाचे राहिले असतील, असे मला वाटले. त्याने खिडकीतून कागदाची एक पुडी माझ्या हातात दिली. उरलेल्या दोन पुऱ्या होत्या, आणि त्यांत त्याने आणखी दोन गरम घातल्या होत्या. म्हणाला, 'बाबूजी, थाली आधी छोड़कर नहीं जाते.' मी पैसे काढेपर्यंत बस हलली होती आणि तो कढईकडे वळला होता.

चार पुऱ्यांची ती गोष्ट. तिचे इतके काय, असे कोणी म्हणेल. पण त्या पुडीची ऊब मांडीवर घेऊन मी झाशीकडे निघालो, तेव्हा सकाळी पाहिलेले भांडेर माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. कारण भांडेरलाच एक ताट अर्धे राहिले होते, आणि ते पुडीत बांधून देण्यास कोणालाही सवड मिळाली नव्हती.

हकीकत 1858 सालची आहे. मार्च महिन्यात सर ह्यू रोझ ह्याच्या फौजेने झाशीला वेढा दिला. 3 एप्रिलला इंग्रज सैन्य शहरात घुसले. शहर पडत आहे असे दिसल्यावर, 4 एप्रिलच्या रात्री राणी लक्ष्मीबाई मोजक्या स्वारांसह किल्ल्याबाहेर पडल्या आणि काल्पीच्या रोखाने निघाल्या. दत्तक पुत्र दामोदरराव बरोबर होता. त्याचे वय आठ-नऊ वर्षांचे. रात्रभर घोडी चालली. झाशीपासून एकवीस मैलांवर भांडेर लागले. तेथे क्षणभर विसावा घेण्याचे ठरले असावे. पाठलागावर आलेला इंग्रज लेफ्टनंट भांडेरला पोहोचला, तेव्हा त्याला एक तंबू दिसला. तंबूत न्याहारी मांडलेली होती, आणि ती अर्धवट टाकलेली होती. गावाच्या पलीकडे, करड्या घोड्यावर, चार सोबत्यांसह राणी दौडत जाताना त्याला दिसल्या. त्याने घोडा पुढे घातला, पण झटापटीत तोच जबर जखमी झाला आणि पाठलाग तेथेच थांबला.

ही न्याहारीची नोंद शत्रूच्या बाजूने झालेली आहे. लढाईच्या कागदपत्रांत तोफा मोजलेल्या असतात, मेलेले आणि घायाळ मोजलेले असतात. सोडलेल्या अन्नाला त्यांत सहसा स्थान नसते. ह्या ताटाला मिळाले, ते केवळ राणी किती घाईने निघाल्या ह्याचा पुरावा म्हणून. पण मला त्या नोंदीत पुराव्याहून अधिक काही दिसते. वेढ्याचे ते दिवस, ती शेवटची रात्र, आणि सकाळी पुढ्यात आलेले पहिले अन्न. ते कोणी तरी रांधले असेल. कोणी तरी 'बाईसाहेब, दोन घास घ्या' असे म्हटले असेल. आठ वर्षांच्या मुलाच्या पोटात त्यांतले किती गेले असेल? इतिहास हे विचारीत नाही. आई विचारते.

त्याच वाटेवरची दुसरी एक हकीकत मराठीत आहे, आणि ती लिहिणारा मनुष्य आपल्या बाजूचा आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. त्यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली प्रसिद्ध केला. काल्पीच्या बाजूला एका विहिरीपाशी राणींची आणि आपली गाठ पडल्याचे गोडसे सांगतात. राणी थकलेल्या आणि तहानलेल्या होत्या. गोडशांनी पाणी काढून देण्याची तयारी दाखविली. पण विद्वान ब्राह्मणाकडून पाणी काढवून घेणे राणींना बरे वाटले नाही. त्यांनी स्वतः दोर घेतला, पाणी ओढले आणि ओंजळीने प्यायल्या. आपल्या एकटीच्या पोटाला अर्धा शेर तांदूळ पुरले असते, ह्या उद्योगाची पोटासाठी काही गरज नव्हती, अशा अर्थाचे शब्द त्या वेळी त्या बोलल्या, असे गोडशांनी लिहून ठेवले आहे. पुढे जूनमध्ये ग्वाल्हेरला त्यांना मरण आले. भांडेरच्या ताटापासून तिथवरचे अंतर केवळ अडीच महिन्यांचे.

कोठे ती दौड, आणि कोठे माझ्यासारख्या निवृत्त माणसाची बस गाठण्याची धडपड! तुलना करण्याची माझी हिंमत नाही. परंतु एक गोष्ट मला त्या बसमध्ये पटली. घाईत अन्न सोडून जावे लागणे, हे प्रवाशाच्या नशिबी पूर्वीपासून आहे. फरक पडतो तो मागे राहिलेल्या ताटाकडे कोणाचे लक्ष असते, ह्याने.

दोन दिवसांनी मी दिल्लीच्या विमानतळावर होतो.

परदेशी जाणाऱ्या विमानासाठी तीन तास अगोदर या, असे आपल्याला बजावलेले असते. तीन तास म्हणजे एखाद्या घरी पुरणपोळीचा स्वयंपाक उरकण्याइतका अवधी. पण हे तीन तास जातात कोठे, हे कळत नाही. सामान देण्याची रांग, पासपोर्टावर शिक्का मारून घेण्याची रांग, सुरक्षा तपासणीची रांग. तेथे पट्टा काढा, पुन्हा बांधा, पिशवी पुन्हा भरा. मग ज्या दारातून विमानात जावयाचे, ते दार शोधीत लांबच लांब चाला. शेवटी खाण्यासाठी उरतात दहा-पंधरा मिनिटे, आणि तीही मनाने उरत नाहीत. कारण कित्येक विमानतळांवर आता घोषणा कमी केल्या आहेत, आणि प्रवाशाला एक डोळा ताटावर व एक फलकावर ठेवून जेवावे लागते. तीन तास आधी येऊन दहा मिनिटांत जेवणे, हा आधुनिक प्रवासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

पूर्वी असे नव्हते. बॅलार्ड पिअरवरून आगबोट सुटे, तेव्हा निरोपाला अवधी असे आणि पुढच्या जेवणांना कित्येक दिवस. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेही कैरो आणि जिनीव्हा येथे विसावा घेत गेले. आजची विमाने एका दमात समुद्र ओलांडतात. वेग वाढला, आणि वाटेतले मुक्काम नाहीसे झाले. मुक्काम गेला, की त्याबरोबर मुक्कामाचे जेवणही जाते.

विमानात बसण्यापूर्वी काही खाऊन घ्यावे, ह्याला शरीराचेही कारण आहे. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते. आतील हवेचा दाब कृत्रिम रीतीने राखलेला असला, तरी तो समुद्रसपाटीसारखा नसतो. सुमारे अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवर असतो, तितकाच तो असतो. म्हणजे विमानातला प्रवासी कळसूबाईच्या शिखराहूनही उंच जागी बसून जेवीत असतो, असे म्हणावयास हरकत नाही. ह्या उंचीवर पोटातील वायू पसरतो. चोवीसशे मीटरच्या हिशेबाने जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने. म्हणून निघताना छोले, राजमा अथवा सोड्याची बाटली ही निवड शहाणपणाची नव्हे. हवा कोरडी असते, जीभ मंदावते, खारट आणि गोड ह्या चवी फिक्या लागतात. तेव्हा जेवणाची गोडी जमिनीवरच घ्यावी, हलके खावे आणि पाणी भरपूर प्यावे. तपासणीतून जाताना बाटली रिकामी ठेवली, तर ती आत भरून घेता येते. दह्याचा मात्र निरोप घरीच घ्यावा. शंभर मिलिलिटरहून मोठ्या भांड्यात पातळ पदार्थ हातातल्या सामानातून नेता येत नाहीत, आणि दही त्या नियमात पातळच ठरते. ओटीतले सुके खोबरेही सामानात घालता येत नाही. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून ते धोकादायक वस्तूंत गणले जाते. हातावर दही आणि ओटीत खोबरे देणारी आपली आजी ह्या नियमांपुढे थक्क झाली असती. पण दही घरच्या देवापाशी हातावर घालण्यास कोणत्याही विमानतळाची आडकाठी नाही.

आता त्या रात्रीची गोष्ट. आपल्याकडे तिकीट असल्याखेरीज विमानतळाच्या इमारतीत कोणाला सोडीत नाहीत. दारात सुरक्षा दलाचा जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतो. त्यामुळे निरोपाचा सगळा सोहळा दाराबाहेर, फरसबंदीवर होतो. परदेशगमनाचे आपल्या देशातले खरे भोजनगृह पाहावयाचे असेल, तर ते आत नाही, ह्या फरसबंदीवर आहे. तेथे गाठोडी सोडलेली असतात, स्टीलचे डबे उघडलेले असतात, आणि दहा-दहा माणसे एकाला जेवू घालीत असतात.

तशाच एका घोळक्याशेजारी मी सामान ठेवून क्षणभर उभा राहिलो. वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा आखाती देशात नोकरीला निघाला होता. पहिलाच प्रवास, हे त्याच्या नव्या बुटांवरूनच कळत होते. ती मंडळी कुठली, हे मी विचारले नाही. बोलण्याचा हेल मात्र दोन दिवसांपूर्वी मोठला कानांवर पडलेल्या बोलीचा होता. आईने डबा उघडला, पुऱ्या होत्या. मुलगा म्हणाला, भूक नाही. बाप घड्याळाकडे आणि दाराकडे पाहत होता. आईने एक घास मोडून त्याच्या तोंडात घातला. त्याने तो चावला, पण तो गळ्याखाली उतरेना. भूक नसल्यामुळे नव्हे, हे सगळ्यांना दिसत होते. दुसरा घास त्याने हाताने अडविला. आईने काही न बोलता उरलेल्या पुऱ्या कागदात बांधल्या, त्याच्या पिशवीत सर्वांत वर ठेवल्या आणि वर हात फिरवून त्या तेथेच आहेत, ह्याची खातरी केली. मग तो आत गेला. काचेपलीकडे दिसेनासा होईतो सगळी माणसे हात हालवीत होती. त्यांच्यात एक लहान मुलगी होती, तिचा हात सर्वांत शेवटी खाली आला.

मी आत गेलो. रांगा झाल्या. आतल्या दुकानातून एक सँडविच घेतले, किंमत वाचून ते परत ठेवावेसे वाटले, तरीही घेतले. एक डोळा फलकावर ठेवून दोन घास घेतले असतील, तोच समोरच्या खुर्चीवर तो मुलगा दिसला. पिशवी मांडीवर, तिच्यावर कागद उलगडलेला. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला होता, आणि त्याच्या पडद्यावर त्याची आई होती. तिच्यामागे मला ओळखीची फरसबंदी दिसत होती. म्हणजे ती मंडळी अजून गेलेली नव्हती. ती काही बोलत नव्हती. तोही बोलत नव्हता. तो जेवत होता आणि ती पाहत होती. बाहेर जो घास गळ्याखाली उतरला नव्हता, तो आता सावकाश उतरत होता. मधून ती एकच शब्द बोलली, 'और?' त्याने मान हालवून आणखी एक पुरी उचलली.

सगळ्या पुऱ्या संपल्या. त्याने कागद उलटा करून आईला दाखविला, जशी शाळकरी पोरे रिकामा डबा दाखवितात. मग कागदाची नीट घडी केली आणि ती फेकून न देता पिशवीत ठेवली.

मी फलकाकडे पाहावयाचे सोडून दिले. हातातले सँडविच खाली ठेवले, आणि घरी फोन लावला. फोन उचलताच पहिला प्रश्न आला, 'काही खाल्लेत का?' आयुष्यात प्रथमच मी त्या प्रश्नाचे उत्तर खरे दिले. म्हटले, 'अजून नाही. आता खातो. तू फोन ठेवू नकोस.' ती जरा घाबरली. तब्येत तर बरी आहे ना, म्हणाली. मी म्हटले, तब्येत उत्तम आहे. आणि मग तिच्या बोलण्याच्या सोबतीने ते महागडे, थंड सँडविच मी शेवटपर्यंत खाल्ले. ते चांगले होते, असे मी म्हणणार नाही. पण ते पुरे झाले.

श्रोतेहो, विमानात पुढे जेवण मिळतेच. तेव्हा हे घाईचे दोन घास पोटासाठी अगदी अपरिहार्य असतात, असे नाही. तरीही ते निघणाऱ्याने घ्यावेत असे आपल्याला वाटते. कारण जाणारा माणूस उपाशी गेला, तर मागे राहिलेल्याच्या घशाखाली अन्न उतरत नाही. भांडेरला ती सवड नव्हती. त्या अर्ध्या ताटाकडे शत्रूखेरीज कोणाला पाहता आले नाही. आपल्याला ती सवड आहे. मोठच्या त्या दुकानदाराकडे ती होती; बस सुटत असताना, कढईत तेल तापलेले असताना, एका अनोळखी माणसाच्या द्रोणात दोन पुऱ्या उरल्या आहेत, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही.

तुमच्या घरचे कोणी आज रात्री दूरच्या प्रवासाला निघणार असेल, तर त्याला 'काही खाल्लेस का?' हे जरूर विचारा. त्याचे उत्तर खरे मानू नका. पुडी बांधा, आणि पिशवीत सर्वांत वर ठेवा.